मंगळवारचं गाऱ्हाणं

जोगेश्वरी पूर्व
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

आबा,

माझ्याबरोबर कोणीही नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल.

मी फोन केला की तुम्ही उठून बाहेर खळ्यात जाता. आई काही बोलत नाही, पण मला दाराची कडी ऐकू येते. म्हणून पत्र. टपालाने आलेला कागद तुम्ही न वाचता टाकत नाही, लाइटबिलसुद्धा चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचता, हे मला ठाऊक आहे. तेव्हा खळ्यात बसून वाचा नाहीतर पडवीत, पण वाचा.

गोराईच्या बोटीवरचा तो फोटो तुम्ही पाहिलाय. अख्ख्या वेतुर्ले गावाने पाहिलाय. फोटोतल्या मुलीला मात्र कोणी काही विचारलं नाही, म्हणून आता ती स्वतःच सांगतेय. मला सुट्टी मंगळवारी असते, कारण रविवारी आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायला सगळी अंधेरी लोटते आणि ते रिपोर्ट मलाच टाइप करायचे असतात. मंगळवारी राजेशकाका कामावर, काकी कामावर, त्यांचा सर्वेश कॉलेजात. घाटकोपरच्या त्या खोलीत मी आणि बंद टीव्ही. म्हणून मी बाहेर पडते. समोर येईल त्या बसची पाटी वाचते आणि नाव आवडलं तर चढते. कधी मुलुंड, कधी वर्सोवा. त्या मंगळवारी बोरिवलीला गेले आणि तिथून गोराईच्या धक्क्यावर. खाडीपलीकडे काय आहे ते बघायचं होतं, बाकी काही नाही.

बोटीत वारा होता, माझे केस तोंडावर येत होते. ते बांधायला दोन्ही हात लागतात आणि बोट हलत होती. म्हणून माझी गुलाबी बाटली मी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिली. 'जरा धरा हां.' त्याने धरली. आम्ही दोघंही पाण्याकडे तोंड करून उभे. नेमक्या त्याच वेळी आपले गुणाजीकाका, जे गोराईला मासळी स्वस्त मिळते म्हणून पिशवी घेऊन त्याच बोटीत मागे बसले होते, त्यांनी फोटो काढला. हाक नाही मारली. 'काय गो जान्हवी' एवढं म्हणाले असते तर मी परतताना त्यांची पिशवीसुद्धा उचलली असती. त्यांनी फोटो काढून मुंबईतल्या आपल्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि मग पापलेटं घ्यायला गेले.

पुढचं मला सर्वेशने सांगितलं, हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मंडळातल्या जाणत्या लोकांनी फोटो मोठा करून पाहिला. त्या माणसाच्या टी-शर्टच्या पाठीवर लिहिलं होतं, 'सडेवाडी चषक'. झालं! क्रिकेटमध्ये दरवर्षी आपल्याला धूळ चारणारी सडेवाडी. मग काय, सडेवाडीच्या मंडळात फोन, त्या टीमच्या कॅप्टनला फोन. मुलाचं नाव दादू, राहतो असल्फ्याला, डोंगरावर. आणि मला एका शब्दाने न विचारता काका, गुणाजीकाका आणि अध्यक्ष असे तिघे रविवारी त्याच्या घरी गेले. बरोबर पेढ्यांचा पुडा. रागवायचं की जमवायचं ते तिथे जाऊन ठरवू, असा विचार होता म्हणे.

दार त्याच्या बायकोने उघडलं. कडेवर बाळ.

तिने त्यांना चहा दिला, पेढेही ठेवून घेतले. आणि दुसऱ्या दिवशी सडेवाडीच्या ग्रुपवर वेतुर्लेकरांचा जो काही उद्धार झाला, तो तुमच्यापर्यंत पोचलाच असेल. त्यात माझी काय चूक, आबा? काका घरी येऊन मलाच म्हणाला, "तुझ्यामुळे मंडळाची शोभा झाली." मी म्हटलं, मला विचारलं असतं तर झाली नसती. तर म्हणतो, "मग खरं सांग ना. कोण होता बरोबर?"

"कोणी नाही."

"नाव सांग गं. चांगला असेल तर बघू ना आपण, घरच्यांशी बोलू. आम्ही काय जुन्या काळातले आहोत काय?"

"काका, मी एकटी गेले होते."

"एकटी? गोराईला? कशाला?"

या 'कशाला'चं उत्तर मला देता आलं नाही, कारण त्यांना पटेल असं उत्तर नाहीच. बरोबर मुलगा असता तर यांना समजलं असतं. चार दिवस आरडाओरडा झाला असता आणि मग कुंडली मागितली असती. एकटी मुलगी बोटीत बसून पाणी बघते, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नाही. आणि तुम्ही? तुम्ही फोनवर एकच वाक्य बोललात. "तू मुंबैक काम करूक गेलंस काय बोंबलत फिरूक?" त्यानंतर फोन आईकडे गेला तो गेलाच.

दोन्हींसाठी आले, आबा. कामावर मी एक दिवस खाडा केलेला नाही, लॅबमध्ये विचारा. पण मंगळवार माझा आहे. काकाने 'यापुढे मंगळवारी घरात बसायचं' म्हटल्यावर मी पिशवी भरली. आता जोगेश्वरीला नीलाकाकू म्हणून एक आहेत, त्यांच्याकडे भाड्याने राहते. त्या एकट्या असतात, शाळेतून निवृत्त झाल्यात, घर स्वच्छ आहे, दार सातच्या आत बंद वगैरे नियम नाही. मी मजेत आहे. काळजी करत असाल तर करू नका.

जान्हवी


जोगेश्वरी पूर्व
मंगळवार, १७ डिसेंबर २०२४

आबा,

जत्रा छान झाली म्हणे. सर्वेशने रेकॉर्डिंग पाठवलं.

मला यायचं नव्हतं असं तुम्ही लोकांना सांगितलंत. मला 'यंदा येऊ नकोस' असा निरोप होता, हे आईला माहीत आहे आणि देवालाही. असो.

नीलाकाकूंनी विचारलं, कानाला फोन लावून एवढं काय ऐकतेस. त्या मूळच्या पार्ल्याच्या, त्यांना आपल्याकडचं काय माहीत. मग मी सांगितलं की आमच्या गावात जत्रेला आणि शिमग्याला देवासमोर गाऱ्हाणं घालतात. माझे आबा घालतात. त्यांच्या आधी आजोबा घालायचे. देवाला खणखणीत आवाजात सांगायचं की बाबा, ही तुझी लेकरं, यांना सांभाळ, आणि दर वाक्याला जमलेला सगळा गाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' मुंबईला गेलेल्या प्रत्येकाचं नाव आबा घरवार, एकामागून एक घर करत, घेतात. कागद नसतो हातात. एकही नाव विसरत नाहीत.

"मग तुझं आलं का?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, हो, आलं की.

खोटं बोलले. का बोलले माहीत नाही. तुमची लाज राखायला की माझी, ते तुम्हीच ठरवा. आपल्या घराशी आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, 'राजेश, तेची घरकरीण, तेचो झील सर्वेश,' आणि सरळ पुढच्या घरावर गेलात. अडखळलासुद्धा नाहीत. मागच्या वर्षी मी मुंबईत येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा तुम्ही माझं नाव केवढ्या ताठ मानेने घेतलं होतं. मी बायकांमध्ये उभी होते, सुगंधाआतेने मला कोपराने ढोसलं होतं. यंदा वेतुर्ल्याच्या देवाच्या हिशेबी मी मुंबईत नाहीच. कुठे आहे मग? गुणाजीकाकांचं नाव मात्र आलं. मुलींचे चोरून फोटो काढणाऱ्याची राखण देवाने करायची आणि माझी नाही.

मला याचं काही वाटलेलं नाही. नाव घेतलं नाही म्हणून माझ्या अंगावर दरड कोसळली नाही. उलट आजच मी कान्हेरीला जाऊन आले, बोरिवलीच्या जंगलात. डोंगरात कोरलेल्या खोल्याच खोल्या आहेत, भिक्षू राहायचे तिथे. प्रत्येकाला दगडाचा ओटा आणि बाहेर पाण्याचं टाकं. काका सांगतो ना, घाटकोपरच्या गावकीच्या खोलीत तुम्ही पाळीपाळीने झोपायचात, रात्रपाळीवाला आला की त्याच्यासाठी वळकटी रिकामी करायची. मला वाटलं, या भिक्षूंची तुमच्यापेक्षा बरी सोय होती. एका ओट्यावर मी आडवी झाले. माकडाने डब्यातली अर्धी पोळी नेली. दुपारभर कोणी मला कुठली, कोणाची, कशाला आलीस म्हणून विचारलं नाही, आणि मला ते फार आवडलं.

तुमची मुलगी, नाव माहीत आहे


जोगेश्वरी पूर्व
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

आबा,

आई म्हणाली, तुम्ही पत्र वाचता आणि काही न बोलता तिच्यापुढे ठेवता. म्हणजे दोघंही वाचताय. मग आई, तुलाही नमस्कार. चटणी मिळाली, काकूंनी निम्मी संपवली.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मला काही वाटलं नाही. ते तसं नाही. ते रेकॉर्डिंग मी रोज ऐकत होते. मध्येच वाटायचं, आपण नीट ऐकलं नसेल, ढोलाच्या आवाजात नाव बुडालं असेल. मग एकदा लॅबच्या बाथरूममध्ये रडले आणि पुसून टाकलं ते. रेकॉर्डिंग पुसलं, आबा. राग नाही पुसला, तो आहे तिथेच आहे.

आज साकीनाक्याला गेले होते. फिरायला कोणी साकीनाक्याला जातं का, असं काकूही म्हणाल्या. पण मला तुमची गल्ली बघायची होती. लहानपणी मी विचारायचे, 'आबा, मुंबई कशी असते?' आणि तुम्ही म्हणायचात, 'कामाची असते.' एवढंच. बारा वर्षं ज्या गावात काढली त्याबद्दल एक शब्द. बाकीच्यांचे बाप मुंबईच्या गोष्टी सांगायचे, खऱ्याखोट्या. तुम्ही फक्त एक सांगितलं होतंत. जेवायच्या सुट्टीत कारखान्याच्या दारात बसलं की डोक्यावरून विमान जातं, इतकं खालून की त्याचं पोट दिसतं. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते की माझ्या आबांनी विमानाचं पोट बघितलंय.

गल्ली सापडली. तुम्ही चालवायचात तसली लेथ मशीनं तिथे एका गाळ्यात अजून आहेत, लोखंडाच्या कीसाचा वास रस्त्यापर्यंत येतो. तुमच्या कारखान्याच्या जागेवर आता लग्नपत्रिका छापतात. दारात पायरी आहे, तीच की नवी ते कळायला मार्ग नाही. मी बसले. आतून एक बाई आली, म्हणाली, "पत्रिका बघायच्यात का? कधीचं आहे लग्न?" मी म्हटलं, लग्न नाही, विमान बघायचंय. तिने मला वेड्यात काढलं आणि आत गेली. मग ती पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली, "इथनं नको, समोरच्या टपरीपाशी बस, तिथनं बरं दिसतं."

आलं, आबा. आधी आवाज आला, पत्रे थरथरले, टपरीवाल्याने बोलणं अर्धं सोडलं आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू केलं. पांढरं पोट, चाकं बाहेर काढलेली. मी तोंड उघडं टाकून बघत होते. चहा सांडला थोडा.

तिथून बसने थोडं पुढे गेलं की पवईचा तलाव लागतो. मोठा, शांत, काठाने झाडं. लोक बाकांवर बसलेले. तुमच्या कारखान्यापासून एवढ्या जवळ. तुम्ही कधी गेलात का तिथे? मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. वेळ कुठला होता, घरी पैसे पाठवायचे होते, भावाचं शिक्षण होतं. खरं आहे सगळं. तुम्हाला एक मंगळवार कोणी दिला नाही याचं मला फार वाईट वाटतं. मी त्या बाकावर बसून खूप वेळ तुमचाच विचार करत होते. पण तुम्हाला मिळाला नाही म्हणून मी माझा देऊन टाकू का? मी तुमचं ऐकत नाही असं सगळा गाव म्हणतो. ऐकत नसते तर विमानाचं पोट माझ्या लक्षात राहिलं असतं का?

जान्हवी


जोगेश्वरी पूर्व
मंगळवार, ४ मार्च २०२५

आबा,

निरोप पोचला. आईला तो पाठ करायला लावला होता असं वाटलं, एका दमात म्हणून टाकला बिचारीने. फिरणं सोड, काकाच्या घरी परत जा, मग शिमग्याला देवासमोर तुझं नाव घेतो.

नाही.

मला नाव हवंय. खोटं कशाला बोलू, फार हवंय. पण नाव घ्यायला अट घालायची हे मला मान्य नाही. बाबलकाकांचा मुलगा दारू पिऊन गटारात पडला होता, तरी तुम्ही त्याचं नाव घेतलंत. उलट त्याचं जास्त जोरात घेतलंत, 'वाट चुकलेल्या लेकराक वाटेर हाड म्हाराजा.' मग माझं काय एवढं चुकलंय? मला वाट चुकलेली म्हणून तरी घ्यायचंत.

आणि आज काय केलं ते सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून आलेलं बरं. न जाणो, कुठून गुणाजीकाका फोटो काढत असायचे.

काकूंच्या घरापासून चालत जाण्याजोगी जोगेश्वरीची लेणी आहेत. भोवताली सगळी वस्ती, घरांना घरं लागलेली, आणि मध्येच पायऱ्या खाली उतरतात. आत भलामोठा काळोखा सभामंडप, खांबच खांब, वरून पाणी ठिबकतं. आतल्या अंगाला देवी आहे. मी राहते तिच्याच गावात आणि इतके महिने गेले नव्हते. जवळचं राहूनच जातं. आज दुपारी गेले. चार बायका ओटी घेऊन आल्या होत्या, एक म्हातारी खांबाला टेकून बसली होती, एक रखवालदार होता.

मी हात जोडले आणि आई म्हणते तसं काहीतरी पुटपुटणार होते. पण तिथे आवाज घुमतो, आबा. नुसतं खाकरलं तरी अख्खा मंडप खाकरतो. आणि मला तुमची आठवण आली, तुम्ही देवळात एक पाय पुढे टाकून उभे राहता ती. मी पण एक पाय पुढे टाकला. आणि घातलं गाऱ्हाणं. हो, मी. मोठ्याने.

आपल्याकडे बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. का घालत नाही ते कधी कोणी सांगितलं नाही. बाईचा आवाज देवाला ऐकू येत नाही असं तर नाही ना? तुम्ही माडाखाली बसून सराव करायचात तेव्हा मी शेजारी बसून कोकमाची सोलं वाळत घालायचे. मला सगळं पाठ आहे. तुम्हाला मुलगा नाही, तुमच्यानंतर कोण घालणार म्हणून गावकीत चर्चा चालते, ती पण मला पाठ आहे.

मी म्हटलं, "बा देवी म्हाराजा, ह्या तुझ्या मुंबैत आमची वेतुर्ल्याची लेकरां पोटापाठी इली हत, तेंची राखण कर गे." आणि घरवार नावं घेतली. काकाचं घेतलं. सर्वेशचं घेतलं. गुणाजीकाकांचंही घेतलं, दात ओठ खाऊन, पण घेतलं. सडेवाडीचा दादू, त्याची बायको आणि बाळ यांचंही घेतलं, कारण पेढे खाऊन त्यांनी तोंड उघडलं नसतं तर मी अजून काकाच्या खोलीत असते.

बायका बघत राहिल्या. रखवालदार जवळ आला. कोणीच काही म्हणेना, आणि गाऱ्हाण्याला उत्तर आलं नाही की ते किती ओकंबोकं वाटतं हे मला तेव्हा समजलं. तरी पुढे म्हटलं, "आणि जो सहदेव ह्या मुंबैत बारा वर्सां राबलो आणि जेका हे मुंबैन विमानाच्या पोटाशिवाय काय दाखवल्यान नाय, तेच्या मनात जा काय वाकडा-नाकडा आसात, ता सरळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ती खांबापाशी बसलेली म्हातारी. असा आवाज लावला तिने की मंडप भरून गेला. नंतर मला जवळ बोलावलं. "खंयचां गो तू?" मी सांगितलं. "कोणी शिकयल्यान तुका?" म्हटलं, आबांनी. "मगे बरोबर," म्हणाली. "आणि बरोबर कोण आसा?" आता हिलाही तेच हवं! मी म्हटलं, कोण नाय, येकटाच. तर कपाळाला हात न लावता म्हणते, "माझे गुडघे गेले, नायतर मी पण इले असते तुझ्यावांगडा फिरूक."

तर असं आहे. तुम्ही माझं नाव गाळलंत, मी तुमचं गाळलं नाही. शिमग्याला काय करायचं ते तुम्ही बघा. अट मी मानणार नाही. हे पत्र आईला वाचायला द्या.

जान्हवी


अंधेरी पश्चिम
मंगळवार, १८ मार्च २०२५

आबा,

हे पत्र घरून नाही, गिल्बर्ट हिलवर बसून लिहितेय. अंधेरीत इमारतींच्या मधोमध उभा असलेला काळा कडा आहे, वर गावदेवीचं देऊळ. पायऱ्या चढताना दम लागला. सकाळी सर्वेशने शिमग्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. घरी ऐकायचं धाडस झालं नाही, म्हणून वर आले. म्हटलं, नाव नसेल तर निदान समोर बघायला काहीतरी असेल.

सर्वेश देवळासमोरच्या मांडावर पुढेच उभा असणार, तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो. घरवार नावं चालली होती. बाबलकाकांचं घर झालं, सुगंधाआतेचं झालं. आपलं आलं. राजेश, घरकरीण, सर्वेश. गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मग तुम्ही थांबलात.

डिसेंबरात तुम्ही थांबला नव्हतात. या वेळी थांबलात. पुढचं घर घेईनात. कोणीतरी खोकलं, मागे पोरं टिमक्या वाजवत होती त्यांना कोणीतरी दटावलं. मी फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला. आणि लांबून, बायका उभ्या असतात तिथून, आईचा आवाज आला. माझी आई, जी देवळात शिंक आली तरी पदर तोंडात कोंबते.

"आणि माझ्या जान्हवीची राखण कर म्हाराजा! ता येकटा आसा!"

आणि आपला गाव, आबा! वर्षानुवर्षांची सवय. कोण बोललं, बाई बोलली की बाप्या, कोणी बघितलंच नाही. सगळ्या मांडाने एका आवाजात म्हटलं, 'व्हय म्हाराजा!' म्हणून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि मग जी कुजबुज सुरू झाली ती सर्वेशच्या फोनमध्ये स्पष्ट आलीय. अध्यक्षांचा आवाज मी ओळखला. "ह्या काय? बायल माणूस मांडार बोलता?" असं म्हणत होते.

मला वाटलं, आता तुम्ही आईवर ओरडणार. मी तिच्यासाठी घाबरले, माझ्यासाठी कधी घाबरले नव्हते एवढी. ओरडला असतात तर मी आजच गाडी पकडून आले असते आणि मांडावर उभी राहून भांडले असते, सांगून ठेवते.

तुम्ही ओरडला नाहीत. गाऱ्हाणं घालणारा कधी उत्तर देत नाही, उत्तर गावाने द्यायचं असतं, हे तुम्हीच मला माडाखाली शिकवलंय. आजोबांनी दिलं नाही, तुम्ही दिलं नाही. आणि तरी त्या कुजबुजीत, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, फोनच्या अगदी जवळ, हळू, घोगऱ्या आवाजात एकट्याने कोणीतरी म्हटलं, 'व्हय म्हाराजा.' तुमचा आवाज मी ढोलताशांतही ओळखते. मग तुम्ही घसा साफ केलात आणि पुढचं घर घेतलंत.

मी रडले. इथे, सगळ्यांसमोर, लाज न बाळगता. लिहितानाही कागद ओला झालाय, तेवढा चालवून घ्या.

पण गैरसमज नको. मी काकाकडे परत जाणार नाही. मंगळवारी फिरणं सोडणार नाही. मे महिन्यात चार दिवस गावी येईन, सोलं वाळत घालायला, आणि माडाखाली तुम्ही सराव करत असाल तर उरलेलं गाऱ्हाणंही शिकून घेईन. अध्यक्षांना आधीच कल्पना देऊन ठेवा. आणि आईला सांगा, तिच्यासारखं गाऱ्हाणं मला जन्मात जमणार नाही.

इथून खूप लांबवर दिसतं. एका अंगाला समुद्राची रेघ, दुसऱ्या अंगाला पत्रे, टॉवर आणि त्यांच्या मागे कुठेतरी साकीनाका. मघाशी तिकडे एक विमान उतरलं. इथून त्याचं पोट दिसत नाही, पाठ दिसते. तुम्ही पाठ बघितली नसेल. ते खाली जाईपर्यंत मी बघत राहिले, मग रेकॉर्डिंग परत लावलं, आणि तुमचा तो घोगरा आवाज आला तेव्हा मीही उठून उभी राहिले, एक पाय पुढे टाकला आणि पूर्ण आवाजात म्हटलं, व्हय म्हाराजा! शेजारच्या कठड्यावर एक जोडपं बसलं होतं. ते दचकून माझ्याकडे बघायला लागलं.

बघू दे.

जान्हवी